दहा आठवडे काटा हलत नाही: आहार आणखी कमी करावा का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: वय 42, उंची 158 सेंटीमीटर, घर ठाण्यात घोडबंदर रोडला आणि नोकरी ऐरोलीत. सुरुवातीला वजन 84 किलो होते, ते सात महिन्यांत 73 किलोवर आले. पहिल्याच महिन्यात चार किलो गेले, पुढे वेग मंदावत गेला आणि आता दहा आठवडे काटा 73 च्या आसपासच घुटमळतो आहे. आहार पूर्वीचाच, म्हणजे दिवसाला 1400 कॅलरींचा. उपवन तलावाकाठचे सकाळचे चालणेही सुरू आहे. चयापचय बंद पडले आहे का, आणि आहार 1000 कॅलरींवर आणावा का, असे तुम्ही विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: आणू नका. पहिल्याचे उत्तर थोडे लांब आहे, कारण ते नीट समजले नाही तर 1000 चा मोह पुन्हा पुन्हा होत राहील.

पहिल्या महिन्यातल्या चार किलोंपासून सुरुवात करू, कारण पुढची सगळी निराशा त्या आकड्याशी तुलना करण्यातून येते. यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहार कमी होताच हा साठा उतरतो, पाणी लघवीवाटे जाते आणि दीड-दोन किलो वजन चरबीला हात न लागताच कमी होते. म्हणजे त्या महिन्याचा वेग मुळात चरबीचा वेग नव्हता. दुसऱ्या महिन्यापासून जे घडले ती खरी चाल होती, आणि ती तुमच्या समजुतीपेक्षा बरीच चांगली होती.

आता खर्चाचा हिशेब. आहारतज्ज्ञ विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च काढण्यासाठी जे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात, त्यानुसार 84 किलोच्या वेळी तुमचे शरीर नुसते जिवंत राहण्यासाठी दिवसाला सुमारे 1455 कॅलरी खर्च करत होते. आज 73 किलोला तो आकडा सुमारे 1345 आहे. बैठे काम आणि थोडे चालणे धरून दिवसाचा एकूण खर्च तेव्हा 2100 च्या आसपास होता, आज तो 1950 च्या आसपास असायला हवा. उपवनच्या त्याच फेऱ्यांनाही आता कमी ऊर्जा लागते, कारण अकरा किलोंचे ओझे उतरलेले आहे. शिवाय वजन घटल्यावर शरीर आपला खर्च सूत्रापेक्षा आणखी थोडा आखडता घेते. रुडॉल्फ लाइबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श यांनी 1995 मध्ये हे मोजून दाखवले होते: वजन दहा टक्क्यांनी घटलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च, केवळ शरीर लहान झाल्यामुळे जितका घटायला हवा, त्याहूनही अधिक घटतो. स्नायू त्याच कामाला कमी इंधन वापरतात, आणि माणूसही नकळत कमी हालचाल करतो. तुमच्या बाबतीत हे धरले तर आजचा खर्च 1850 ते 1900 च्या दरम्यान समजायला हरकत नाही.

हा हिशेब बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि 'चयापचय मंदावले' असा निष्कर्ष काढतात. तो एक पाऊल पुढे नेला, तर वेगळेच चित्र दिसते. खर्च 1850 आणि खाणे खरोखर 1400 असेल, तर रोज 450 कॅलरींची तूट आजही आहे. त्या तुटीवर महिन्याला दीड-पावणेदोन किलो वजन कमी व्हायला हवे. ते दहा आठवडे कमी झालेले नाही. पाण्याचा चढउतार एवढा काळ एवढी घट लपवू शकत नाही. याचा सरळ अर्थ असा की खाणे सरासरीने 1800 च्या घरात गेले आहे.

हे वाचून राग येईल, याची मला कल्पना आहे. ठाण्याच्या नौपाड्यात आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसलेल्या व्यक्तीला हे सांगताना मी शब्द जपून वापरते, कारण ती खोटे बोलत नसते. 1992 मध्ये अमेरिकेत स्टीव्हन लिक्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच लोकांचा अभ्यास केला, ज्यांचे म्हणणे होते की 1200 कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही. त्यांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा तो अपेक्षेइतकाच निघाला. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होती आणि हालचालीची 51 टक्क्यांनी जास्त. ही माणसे आळशी नव्हती आणि लबाडही नव्हती. खाण्याचा अंदाज घेण्यात माणूस कच्चाच असतो, आणि भूक वाढलेली असताना तो आणखी कच्चा होतो.

खरा मुद्दा इथे आहे. वजन घटवताना तुमची खरी लढत चयापचयाशी कमी आणि भुकेशी जास्त असते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. ऑस्ट्रेलियातील प्रिया सुमित्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन घटवल्यानंतर वर्ष उलटून गेले तरी लेप्टिन कमीच होते, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढलेलेच होते आणि लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती.

ही ओढ किती असते, याचे उत्तर अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने 2016 मध्ये मोठ्या युक्तीने शोधले. मधुमेहावरील एक औषध लघवीवाटे रोज सुमारे 90 ग्रॅम साखर, म्हणजे 360 कॅलरी, बाहेर टाकते, आणि रुग्णाला त्याची जाणीव होत नाही. त्याने आहाराचा काही निश्चय केलेला नसतो, त्यामुळे वजन घटेल तसे त्याचे खाणे किती वाढते, ते निश्चयाची भेसळ न होता मोजता येते. हिशेब निघाला तो असा: घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, पण खाण्याची ओढ सुमारे 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे भुकेचा जोर खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट. तुमच्या अकरा किलोंना हेच प्रमाण लावले, तर रोज हजारभर कॅलरींची ओढ तुम्ही आजही बऱ्याच अंशी रोखून धरली आहे. त्यातल्या 400 निसटल्या, एवढेच घडले आहे. आहाराचे पथ्य एका दिवसात मोडत नाही. ते दर आठवड्याला थोडे थोडे सैल होत जाते, आणि साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास खाणे आणि खर्च यांची गाठ पडते. तुम्ही सातव्या महिन्यात थांबलात, यात नवल नाही.

अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील 14 स्पर्धकांची हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली होती. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमी आढळला आणि 'चयापचय कायमचे बिघडते' अशा बातम्या जगभर छापून आल्या. बातम्यांत फारसे न आलेले निरीक्षण असे की, ज्यांनी घटवलेले वजन अधिक टिकवले होते, त्यांचाच खर्च जास्त मंदावलेला होता. मंदावलेल्या चयापचयानेच वजन परत येत असते, तर हे उलट दिसायला हवे होते. वजन टिकवलेल्या त्या स्पर्धकांची ठळक खूण होती ती भरपूर शारीरिक हालचाल.

वयाचेही सांगून टाकते, कारण 'चाळिशीनंतर चयापचय थंडावते' हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानांवर पडते. 2021 मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवरून दाखवले की, शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली, तर ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असतो. चाळिशीत घटतात ते बहुधा स्नायू, झोप आणि पायी चालणे.

तर मग 1000 का नको? जो आहार 1400 चा असताना 1800 पर्यंत सरकला, तो 1000 चा केल्यावर शिस्तीत राहील असे मानायला काहीच आधार नाही; सोमवार ते गुरुवार कडक पाळणे आणि शुक्रवारी रात्री बांध फुटणे, हेच बहुधा घडते. त्याशिवाय इतक्या कमी खाण्यात प्रथिने पुरेशी बसत नाहीत, स्नायू झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात आणि वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. 800-1000 कॅलरींचे आहार वैद्यकीय देखरेखीखाली काही रुग्णांना दिले जातात, पण ते काम एखाद्या अॅपच्या भरवशावर करण्याचे नाही.

करायचे ते असे. पुढचे दोन आठवडे आहारात काहीही बदल न करता फक्त मोजा, आणि मोजणीची सुरुवात तेलापासून करा. आपल्याकडच्या पोळी-भाजीच्या जेवणात सर्वांत जास्त चुकणारा अंदाज तेलाचा असतो, कारण ते ताटात दिसत नाही. नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. एक लिटर तेलात सुमारे 8200 कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज 270 कॅलरी निव्वळ तेलाच्या झाल्या, आणि तूप, शेंगदाण्याचे कूट, खोबरे यांचा हिशेब वेगळाच. स्वयंपाकाला बाई येत असतील, तर फोडणीचे तेल त्यांच्या हाताच्या सवयीने पडते. त्यांना दोष न देता रोजचे तेल एका वाटीत आधीच काढून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

त्यानंतर शनिवार-रविवार पाहा. पाच दिवस काटेकोर 1400 आणि दोन दिवस 2600, अशी सरासरी काढली तर ती 1740 येते, आणि 2600 व्हायला फार काही लागत नाही: सकाळी मिसळ-पाव, दुपारचे जरा सावकाश आणि भरपेट जेवण, संध्याकाळी तलावपाळीवर फेरफटका आणि त्याच्याबरोबर काहीतरी चटकमटक. मिसळ खाऊ नका असे ठाण्यात बसून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण मिसळीच्या दिवशी दुपारचे जेवण हलके असावे, एवढे तरी पाळता येते. चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी होत असेल, तर दाण्याचे कूट आणि तुपासह एक प्लेट चारशेच्या पुढे सहज जाते, म्हणजे उपासाचा दिवस इतर दिवसांपेक्षा जड होतो. ऑफिसातला दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा ऐंशीच्या आसपास. तो दिवसात चारदा होत असेल, तर तुमच्या निसटलेल्या 400 पैकी बराचसा भाग तिथेच सापडेल.

मोजल्यावर जे दिसेल, त्यातले दोन-तीनच बदल निवडा. 300 कॅलरी कमी झाल्या तरी पुरे. घट हळू होईल, हे मात्र गृहीत धरा. एक किलो चरबी म्हणजे 7700 कॅलरी, म्हणून रोज 500 कमी केल्या की महिन्याला दोन किलो, असा जो सरळ गुणाकार सर्वत्र सांगितला जातो, तो वजन कमी होताना खर्चही कमी होतो हे विसरतो. हॉल यांच्या गणितानुसार खाण्यात रोजच्या 24 कॅलरींची कायमची घट केली, तर शेवटी सुमारे एक किलो वजन कमी होते, पण त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ पूर्ण व्हायला तीन वर्षे लागतात. म्हणून चार महिन्यांत 60 किलो हे तुमचे उद्दिष्ट मी बाजूला ठेवायला सांगेन.

भुकेशी लढत आहे असे एकदा मान्य केले की ताटाची रचनाही त्या दृष्टीने करावी लागते. प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि वजन घटत असताना स्नायू टिकतात. तुमच्यासाठी दिवसाला 80 ते 90 ग्रॅम हे योग्य लक्ष्य आहे (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही). दोन पोळ्या, भाजी, वरण-भात असे दोन्ही वेळचे जेवण धरले तरी त्याच्या निम्मेच मिळते, कारण वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच प्रथिने असतात. घट्ट मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठले, दही, 100 ग्रॅम पनीरमधले 18 ग्रॅम, अंड्यातले सहा ग्रॅम, आणि मासे खात असाल तर तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा, असे काहीतरी प्रत्येक जेवणात ठळकपणे असू द्या. सोयाबीनच्या वड्यांत कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. चव न आवडणारे अनेक जण त्या खिम्यासारख्या बारीक करून मसाल्यात परतल्या की तक्रार करत नाहीत. ऐरोलीहून निघताना पाच वाजता मूठभर फुटाणे खाल्ले, तर घरी पोचताच चिवड्याच्या डब्याकडे जाणारा हात थांबतो, हा माझ्याकडे येणाऱ्या अनेकींचा अनुभव आहे.

व्यायामाबद्दल थोडा गैरसमज दूर करते. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम सुरू करा: खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा किंवा डंबेल. पण 'स्नायू वाढले की झोपेतही कॅलरी जळतात' ही जिममधली जाहिरात मनावर घेऊ नका. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला 13 च्या आसपासच कॅलरी खर्च करतो. ताकदीचा व्यायाम करायचा तो घटणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी राहावा आणि साठीत जिना चढता यावा यासाठी. चालण्याचे गणितही असेच माफक आहे: तुमच्या वजनाला चार किलोमीटर चालण्याने बसून राहण्यापेक्षा दीडशेच कॅलरी जास्त खर्च होतात. मग चालायचे कशाला? कारण ज्यांनी वजन टिकवले, ते भरपूर चालतात, हे निरीक्षण वारंवार आले आहे. पहिल्या महिन्यातली आणि आताची दिवसभराची पावले फोनमध्ये पडताळून पाहा; सकाळच्या फेऱ्या तेवढ्याच असल्या, तरी उरलेल्या दिवसातली पावले घटलेली आढळण्याचा बराच संभव आहे. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे सोसायटीच्या आवारात चालणे आणि रविवारी येऊरच्या चढावर जाणे, एवढी भर सध्या पुरेशी आहे.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण घोडबंदरची वाहतूक पाहता ती कमी होत असणार असा माझा अंदाज आहे. 2010 मधील एका लहान पण काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात सारख्याच कमी कॅलरींच्या आहारावर साडेआठऐवजी साडेपाच तास झोपू दिलेल्या लोकांत, घटलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि भूक वाढली.

आणखी एक पर्याय आहे आणि तुमच्यासाठी मला तोच जास्त पसंत आहे. दोन आठवड्यांच्या मोजणीनंतर मन थकलेले वाटले, तर दोन महिने वजन कमी करण्याचा प्रयत्नच करू नका. ठरवून 72 ते 74 मध्ये राहा. तुम्ही शरीराचे 13 टक्के वजन घटवले आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत सात टक्क्यांचे लक्ष्य आणि नियमित हालचाल एवढ्यावर मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी कमी झाला होता (2002). आपल्याला तर याचे महत्त्व अधिकच आहे: पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचे स्वतःचेच छायाचित्र 2004 मध्ये प्रसिद्ध केले होते, त्यात दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 22.3 असताना युडकिन यांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के होती. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. दहा आठवड्यांत काटा हलला नसला तरी घेर दोन सेंटीमीटरने घटला असेल, तर बरेच काही घडते आहे. गणपती ते दिवाळी हा काळ अशा विरामासाठी सोयीचा असतो. त्यानंतर पुढचा टप्पा 69 किलोचा ठेवू.

वजन रोज सकाळी करा, पण आठवड्याची सरासरीच लिहून ठेवा. मासिक पाळीपूर्वी एक-दोन किलोंचा फरक पाण्यामुळेच पडतो, आणि लोणचे-पापड किंवा हॉटेलचे जेवण झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही काटा वर जातो.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो, म्हणून थोडक्यात सांगते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही औषधे भुकेवरच काम करतात, आणि म्हणूनच ती परिणामकारक आहेत. सेमाग्लुटाइडच्या प्रमुख चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले. पण त्यातही साठाव्या आठवड्याच्या सुमारास काटा थांबलाच, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. तुम्हाला मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असेल, तर त्यांचा विचार संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर जरूर करा. नुसता काटा अडला म्हणून नको.

या सगळ्याच्या आधी एक तपासणी करून घ्या. टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेसाठी), हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व बी12 पाहा. पाळी अनियमित झाली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. गेल्या सहा महिन्यांत स्टेरॉइड, नैराश्यावरची काही औषधे, फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट किंवा मधुमेहाची सल्फोनिलयुरिया गटातली गोळी सुरू झाली असेल, तर ती स्वतः बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण या औषधांनी वजन वाढू शकते. अहवाल नॉर्मल आले, दोन आठवड्यांची मोजणी वजन करून प्रामाणिकपणे झाली आणि तरीही खाण्याचा आकडा खरोखर 1400 च निघाला, तर माझा वरचा हिशेब तुम्हाला लागू नाही. तेव्हा तीच वही घेऊन संप्रेरकतज्ज्ञांकडे जा.